पुढची सिरीज कोणती बघायची, हे तुम्ही कसं ठरवता?

गणपती_ते_सवाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. "चांगली सिरीज सुचवा" असा माझा प्रश्न नाहीये, तसे धागे ढीगभर आहेत. माझा प्रश्न असा, की समजा तुमच्याकडे दहा नावं आहेत, दहाही चांगली आहेत असं सगळे म्हणतायत, तर त्यातली पुढची कोणती हे तुम्ही कशावरून ठरवता? काही ठरलेला नियम आहे का, आणि तो नियम कसा पडला?

आमच्याकडची परिस्थिती सांगतो. हिंजवडीहून कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, पाऊस असला तर नऊ. जेवणं, मुलीचा अभ्यास, ओटा आवरणं सगळं होऊन बायको आणि मी मोकळे होतो पावणेदहाला, आणि अकराला झोपावंच लागतं कारण मुलीची स्कूलबस सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर येते. म्हणजे हातात सव्वा तास. तर जूनमध्ये मी काय केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण केली की आज काही बघून झालं का. ३० रात्रींपैकी ११ रात्री आम्ही काहीही बघितलं नाही, नुसतं हे बघू का ते बघू करत ट्रेलर चाळत बसलो आणि दिवा घालवला. ११ रात्री गुणिले सव्वा तास, जवळजवळ १४ तास झाले. 'चेर्नोबिल'चे पाचही भाग मिळून साधारण साडेपाच तासांचे आहेत. तेवढ्या वेळात आमची ती दोनदा बघून झाली असती. हे लक्षात आल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण दिवसातला आम्हा दोघांचा म्हणून असतो तो तेवढाच वेळ आहे.

आत्तापर्यंत माझे दोन नियम झालेत. एक, गोष्ट संपलेली पाहिजे. हा आला '१८९९' मुळे. 'डार्क' करणाऱ्यांचीच सिरीज, तीन सीझनची गोष्ट डोक्यात धरून रचलेली, नोव्हेंबर २०२२ ला पहिले ८ भाग आले, आम्ही अगदी मन लावून बघितले, आणि जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की पुढे होणार नाही. त्यातली कोडी अजून डोक्यात तशीच आहेत. त्याउलट 'डार्क' स्वतः ३ सीझन २६ भागांत व्यवस्थित संपली, म्हणून ती मी कुणालाही बेधडक सांगतो.

दुसरा नियम, आधी तास मोजायचे. 'ब्रेकिंग बॅड' ६२ भाग. आम्ही आठवड्यात पाच रात्री एकेक भाग बघतो असं धरलं तर बारा-साडेबारा आठवडे. गणपतीत सुरू केली तर संपेपर्यंत डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव येतो. एवढा मोठा काळ एका गोष्टीला द्यायचा तर विचार करूनच द्यावा ना?

पण हे दोन नियम लावूनही यादीत ७४ नावं उरतात. रेटिंगवरून ठरवून बघितलं, जमलं नाही, सगळंच साडेआठ. म्हणून विचारतोय. किती भागांनंतर सोडायची हेही सांगा, आणि एका वेळी एकच बघता का दोन-तीन, तेही.

पर्वती_पायथा

प्रश्न आवडला. तुमच्या पहिल्या नियमाबद्दल बोलतो कारण मीही चार-पाच वर्षं तो पाळला आणि मग बदलला.

"संपलेली" म्हणजे काय हे आधी ठरवा. एक सलग गोष्ट असते, तिचं शेवटचं पान फाटलेलं असेल तर सगळंच गेलं, तुमच्या '१८९९' सारखं. पण प्रत्येक सीझन आपापल्यापुरता पूर्ण असतो अशा पण कितीतरी आहेत. 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन ७ भागांचा, एका तपासापासून सुरू होतो आणि त्या तपासापाशी संपतो, पुढचे सीझन आले नसते तरी काही अडलं नसतं. 'स्कॅम १९९२' दहा भागांत संपलं. आणि तिसरा प्रकार, जिथे दर भागात वेगळी गोष्ट, तिथे तर तुमचा नियम लागूच होत नाही. बासू चॅटर्जींचं 'ब्योमकेश बक्षी' घ्या, १९९३ चं दूरदर्शनचं, रजित कपूरवालं. एक प्रकरण उघडतं, मिटतं, तुम्ही झोपायला मोकळे. सव्वा तासवाल्यांनी खरं तर हा प्रकार हाताशी ठेवलाच पाहिजे.

आता माझा नियम कशामुळे बदलला ते सांगतो, कारण हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळेच जण "संपू दे, मग बघू" म्हणून थांबले तर ती संपणार कशी? चालवणारे बघतात किती लोकांनी सुरू केली, त्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत नेली आणि त्या मानाने खर्च किती झाला. इंग्रजी सिरीजला माझ्या एकट्याने काही फरक पडत नाही, मान्य. पण मराठीत तसं नाहीये. मराठीत मुळात वेब सिरीज होतात थोड्या. म्हणून मी मराठीसाठी नियम उलटा केलाय, आली की त्याच आठवड्यात बघायची, पूर्ण बघायची, आणि चार लोकांना सांगायची. 'समांतर' २०२० मध्ये आली तेव्हा असंच केलं, सुहास शिरवळकरांची कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती, त्यामुळे उत्सुकता होतीच. 'मानवत मर्डर्स' आली २०२४ च्या ऑक्टोबरात, ८ भाग, चार दिवसांत संपवली. आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत. त्यात मला पटलेल्या आणि न पटलेल्या दोन्ही गोष्टी होत्या, पण पुढच्या मराठी सिरीजचं दार उघडं राहायचं तर ते आपणच धरून ठेवायला लागणार.

निवृत्त_शिक्षिका

मी ७२ वर्षांची आहे, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. इथे बहुतेक सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे दिसताय म्हणून थोडं मागचं सांगते, चालेल ना?

सिंहगडावर टीव्हीचा टॉवर उभा राहिला आणि पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं तेव्हा मी विशीतली. आमच्या शनिवारातल्या वाड्यात एकट्या मालकांकडे संच. चॅनल एक. काय बघायचं हा प्रश्नच नव्हता, लागेल ते बघायचं. पण एक गोष्ट तेव्हा होती ती आता हरवलीय असं मला मनापासून वाटतं. 'चिमणराव' लागायचं, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, ते बघून झालं की पुढच्या भागापर्यंत आठवडा मधे असायचा. त्या आठवड्यात नळावर, जिन्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये त्याच्यावर बोलणं व्हायचं, कुणी नक्कल करून दाखवायचं, कुणी मूळ चिं. वि. जोशींचं पुस्तक काढून आणायचं. मालिका अर्धा तास चालायची पण आमच्यात ती आठवडाभर असायची. पुढे १९८४ ला 'हम लोग' आलं, त्यात भाग संपला की अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. म्हणजे बघून झाल्यावर थोडं थांबून विचार करायची जागा त्या मालिकेतच ठेवलेली होती.

आता मुलाने मोठा टीव्ही लावून दिलाय, सगळं मिळतं. मी माझ्यापुरती एक पद्धत केलीय. दिवसाला एकच भाग, कितीही मोह झाला तरी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी वही घेऊन कालच्या भागाबद्दल दोन ओळी लिहायच्या. आठवल्या तर पुढे बघायचं. वही समोर धरून काहीच आठवेना, नुसती माणसं पळताना आणि गाड्या उडताना आठवताहेत, असं लागोपाठ दोन दिवस झालं तर ती बंद. किती भागांनी सोडायची हे तुम्ही विचारलंत, तर माझं उत्तर भागांत नाही, वहीत आहे.

'पंचायत' मी अशीच बघितली. फुलेरा गाव, ती पाण्याची टाकी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात राहणारा तो सचिव. आठ भागांना मला आठ दिवस लागले आणि वहीची सहा पानं भरली. आमचे हे असते तर त्यांना फार आवडली असती, ते जिल्हा परिषदेत होते.

आणखी एक, वय झालेल्यांसाठी. माझी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. हल्ली कितीतरी मालिका इतक्या अंधारात चित्रित करतात की मला माणूस कोण तेच कळत नाही. त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी दिवसाउजेडी बघून घेते, चेहरे दिसत असतील तरच रात्री लावते. ज्यांच्या घरात आई-वडील आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, ते बिचारे बोलत नाहीत, नुसते उठून आत जातात. आणि सबटायटलची अक्षरं मोठी करता येतात ती करून द्या.

गणपती_ते_सवाई

काकू, वहीची कल्पना फार आवडली. माझी आई पण मधेच उठून आत जाते. मला वाटायचं तिला कंटाळा येतो. आज विचारतो तिला.

लॉ_कॉलेज_रोड

मी एडिटिंगचं काम करतो, त्यामुळे दिवसभर स्क्रीनसमोरच असतो, घरी येऊन परत स्क्रीन बघायची तर ती निवडून. माझा नियम एकच आहे, नटाच्या मागे जायचं नाही, लिहिणाऱ्याच्या मागे जायचं.

सिनेमात आपण दिग्दर्शक बघतो, सिरीजचं तसं नाही, तिथे दहा भागांना चार दिग्दर्शक असू शकतात पण गोष्ट एका डोक्यात असते, ज्याला शोरनर म्हणतात तो. एखादी सिरीज मनापासून आवडली ना, की सुरुवातीच्या पाट्या पळवू नका, नावं वाचा, लिहून ठेवा. पुढची सिरीज तिथेच असते. 'द सोप्रानोज'च्या लेखकांमध्ये मॅथ्यू वायनर होता, त्याने पुढे 'मॅड मेन' केली, टेरेन्स विंटर होता, त्याने 'बोर्डवॉक एम्पायर' केली. विन्स गिलिगन आधी 'एक्स फाइल्स' लिहायचा, तिथल्या एका भागात त्याने ब्रायन क्रॅन्स्टनला काम करताना बघितलं होतं, म्हणून 'ब्रेकिंग बॅड'साठी तोच माणूस त्याने धरून ठेवला. हा धागा पकडून गेलात की यादी आपोआप लहान होते आणि प्रत्येक नाव का आहे ते तुम्हाला माहीत असतं.

आपल्याकडे हेच दिग्दर्शकाचं नाव धरून करून बघा. सतीश राजवाडे हे नाव धरा, 'असंभव', 'अग्निहोत्र', 'एका लग्नाची दुसरी गोष्ट', मग वरती पर्वतीवाल्यांनी सांगितलं त्या 'समांतर'चा पहिला सीझन. झी मराठी, स्टार प्रवाह, मग ओटीटी, एका माणसाचा बारा-तेरा वर्षांचा प्रवास बघायला मिळतो आणि आपल्या टीव्हीचा पण. हंसल मेहतांचं 'स्कॅम १९९२' आवडलं असेल तर त्यांचंच 'स्कूप' आहे, सहा भाग. दोन्ही पत्रकारांच्या पुस्तकांवरून आलेल्या.

माहिती असलेल्या माणसाने लिहिलंय का, हेही मी बघतो. 'द वायर' मला आजवरची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि त्याचं कारण तिथेच आहे. डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं गुन्हेगारी कव्हर करत होता, आणि बरोबर लिहिणारा एड बर्न्स त्याच शहरात आधी पोलीस डिटेक्टिव्ह होता, नंतर शाळेत मास्तर. चौथ्या सीझनमध्ये शाळा येते तेव्हा तो वर्ग, ती पोरं, तो गोंगाट इतका खरा वाटतो कारण लिहिणारा त्या फळ्यासमोर उभा राहिलेला आहे. काकू, तुम्ही शिक्षिका होतात, भाषा फार शिवराळ आहे पण जमलं तर तो सीझन बघाच.

किती भागांनी सोडायची, यावर मी थोडा भांडेन. लोक म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. पण शीत भात शिजल्यावर काढायचं असतं, कुकरची पहिली शिट्टी झाल्या झाल्या नाही. अमेरिकन चॅनलवरच्या जुन्या सिरीजचा पहिला भाग, पायलट, बऱ्याचदा बाकीच्यांच्या कितीतरी आधी वेगळा शूट झालेला असतो, चॅनलवाल्यांना पटवायला. त्यात सगळं कोंबलेलं असतं, पात्रं अजून जागेवर बसलेली नसतात. अशांना मी तिसऱ्या भागापर्यंत वेळ देतो, 'द वायर'ला तर चौथ्या-पाचव्यापर्यंत द्या. पण आपल्या वेब सिरीज साधारण अख्खा सीझन एका दमात शूट होतो, तिथे पहिले दोन भाग बघून जे वाटतं ते शेवटपर्यंत तसंच राहतं असा माझा अनुभव आहे. तिथे दोनला थांबतो.

तुमच्या 'ब्रेकिंग बॅड'चं सांगायचं तर ६२ चा आकडा बघून घाबरू नका. पहिला सीझन फक्त ७ भागांचा आहे, २००७-०८ ला हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप झाला म्हणून तो छोटा राहिला. सात भाग म्हणजे तुमच्या हिशोबाने दीड आठवडा. तिथे थांबून ठरवा, सगळ्याला आत्ताच हो म्हणायची गरज नाही.

रात्रपाळी_खराडी

मी नर्स आहे. ड्युटीवरून आल्यावर हॉस्पिटल, आजारपण, मरण यातलं काहीही नको, कितीही चांगली असू दे. नियम एवढाच, दिवस कसा गेला ते आधी बघते. वाईट गेला तर वीस-पंचवीस मिनिटांचं आणि ज्यात घर असेल असं. 'गुल्लक' माझी औषधाची बाटली आहे, सीझनला पाच भाग, ती आई स्वयंपाकघरातून ओरडते ना ते ऐकलं की बरं वाटतं. जड गोष्टी सुट्टीच्या दिवशी.

डहाणूकर_सर्कल

दोघांच्या आवडीचा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत पण तुमच्या ११ रात्री त्यातच गेल्या असणार असं मला वाटतं, कारण आमच्या तशाच जायच्या. मी काही सुचवलं तर नवऱ्याला ते हळू वाटतं, तो काय लावतो त्यात पहिल्या पाच मिनिटांत खून, मग दोघंही "तुला हवं ते लाव" म्हणतो आणि कुणीच काही लावत नाही.

आमच्याकडे आता तीन याद्या आहेत, फ्रीजवर कागद आहे. माझी, त्याची आणि दोघांची. माझी मी इस्त्री करताना किंवा तो टूरवर असताना बघते, त्याची तो रविवारी सकाळी. दोघांच्या यादीत एका वेळी तीनच नावं राहू शकतात. चौथं घालायचं तर एक खोडायचं. आणि ठरवायचं कधी? रात्री नाही! हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री पावणेदहाला माणूस दमलेला असतो, त्याला काहीही ठरवायला लावलं की तो चिडतो. आम्ही रविवारी दुपारी जेवताना ठरवतो, पुढचा आठवडा काय, मग रात्री फक्त लावायचं. हे सुरू केल्यापासून एकही रात्र चाळण्यात गेली नाही, खरंच सांगते.

अजून एक पथ्य, दोघांची सिरीज एकट्याने पुढे बघायची नाही. तो मागे बंगळूरला गेला होता तेव्हा हॉटेलवर दोन भाग पुढे बघून आला आणि माझ्याबरोबर परत बघताना मला चेहऱ्यावरून कळलं. मला त्या दिवशी फार लागलं. बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल पण एकत्र बघणं म्हणजे एकत्र न माहीत असणं ना?

आता सासूबाईंबद्दल. साडेसात ते साडेनऊ टीव्ही त्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्या मालिकांचा राग यायचा, रोजचा रतीब, गोष्टीत पाणी घालून घालून वाढवलेली. एकदा हिशोब केला होता, आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर, जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटं, म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे तास एका मालिकेला, 'ब्रेकिंग बॅड'च्या दुप्पट! पण मग 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती तेव्हा मी त्यांच्याबरोबर बसायला लागले, २०१७ ते २०२० म्हणजे जवळपास अडीच वर्षं. शेवटच्या आठवड्यांत आम्ही दोघी अक्षरशः हातात हात धरून बघत होतो. तेव्हापासून मी तास मोजायचं सोडलं. रोजची मालिका ही गोष्ट म्हणून मोजायचीच नाही, ती संध्याकाळची सोबत आहे, तिचा हिशोब वेगळा. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी त्यांची एक मालिका आपली म्हणून धरावी, निवड त्यांची.

पेठेतली_अभ्यासिका

दादा मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो त्यामुळे माझे नियम बघायचे कमी आणि थांबायचे जास्त आहेत, पण तुम्हाला पण उपयोग होईल कारण तुम्हाला अकराला झोपायचंय.

भागाच्या शेवटी थांबायचं नाही. मधे थांबायचं. भागाचा शेवट मुद्दाम असा लिहिलेला असतो की पुढचा लावल्याशिवाय चैन पडू नये, तिथे आपण थांबायचा प्रयत्न करतो म्हणून हरतो. मी काय करतो, पुढचा भाग लावतो आणि आठ-दहा मिनिटं बघतो, तोपर्यंत आधीचा ताण सुटलेला असतो, कुणीतरी चहा पीत बसलेलं असतं, तिथे बंद करतो. सहज बंद होतं. मागच्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आधी दोन महिने असंच निभावलं, रविवारी संध्याकाळी एक तास, बास.

दुसरं म्हणजे ऑटोप्ले बंद करा. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ते प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येतं, टीव्हीवर सापडलं नाही तर कम्प्युटरवर ब्राउझरमधून खातं उघडून बघा. आणि काही ठिकाणी ट्रेलर आपोआप वाजायला लागतात ते पण तिथूनच बंद होतं, तुमच्या ११ रात्रींवर हा पण एक इलाज आहे.

निवडायचं म्हणाल तर माझा नियम, माझ्या आत्ताच्या आयुष्यावरची सिरीज आत्ता नाही. 'अॅस्पिरंट्स' २०२१ ला आली, रूमवरच्या सगळ्यांनी बघितली, पाचच भाग, मी अजून बघितली नाहीये. यूपीएससीवाल्या पोरांची गोष्ट आहे, रोज जे जगतोय तेच पडद्यावर बघून मला झोप लागणार नाही हे मला माहितीय. निकाल लागला की, लागेल तसा, त्या रात्री बघणार. तिच्यासाठी जागा राखून ठेवलीय. नर्सताई म्हणतात तेच माझं पण.

वाडा_चिरेबंदी_नाही

मला इतके नियम झेपत नाहीत. मी फक्त एका माणसाला विचारतो. शाळेतला मित्र आहे, तीस वर्षांची ओळख, त्याला माझी आवड माझ्यापेक्षा जास्त कळते. तो म्हणाला बघ की बघायची, नाव-विषय काही न विचारता. तीन वर्षांत दोनदाच चुकलाय. पाच हजार अनोळखी लोकांच्या स्टारपेक्षा ओळखीच्या एकाचा शब्द मला जास्त खात्रीचा वाटतो.

पर्वती_पायथा

@पेठेतली_अभ्यासिका, मधे थांबायची युक्ती काल रात्री करून बघितली. जमली. साडेअकराला झोपलो, आठवडाभरात पहिल्यांदा. मुख्य परीक्षेला मनापासून शुभेच्छा.

निवृत्त_शिक्षिका

अभ्यासिकावाल्या बाळा, जेवतोस ना वेळेवर? नारायण पेठेत असशील तर आमचं घर जवळच आहे, दोन चौक सोडून. लॉ कॉलेज रोडवाल्यांनी सांगितलेला शाळेचा सीझन मी मुलाला शोधून द्यायला सांगितलाय. भाषेचं म्हणाल तर पस्तीस वर्षं मुलांच्या शाळेत काढलीत, ऐकलंय सगळं.

गणपती_ते_सवाई

पंधरा दिवसांनी येतोय, उशीर झाला, पण काय झालं ते सांगितल्याशिवाय धागा सोडणं बरं वाटेना.

सगळ्यात आधी डहाणूकरताईंचं ऐकलं. रात्री ठरवायचं नाही. रविवारी दुपारी वरणभात खाताना बायकोला ७४ नावांची यादी वाचून दाखवायला घेतली, ती विसाव्या नावाला म्हणाली, "यातली तुला स्वतःला खरंच किती बघायचीत?" मला नऊ सांगता आली. बाकीची लोकांनी सांगितली म्हणून घातलेली होती, कोण म्हणालं होतं तेही आठवेना. ती ६५ काढून टाकली. नऊसमोर कुणी लिहिलंय ते शोधून लिहिलं, त्यात दोन एकाच माणसाच्या निघाल्या, त्यामुळे लॉ कॉलेज रोडवाल्यांचं पण पटलं. दोघांच्या कागदावर 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन, 'स्कूप' आणि 'ब्रेकिंग बॅड'चे पहिले सात भाग. पुढचं नंतर.

आणि आईला विचारलं. काकू, तुमचं खरं निघालं. आई म्हणाली, "मला दिसतच नाही रे काही, आणि खालचं वाचेपर्यंत पळतं, तुम्ही दोघं मजेत असता म्हणून बोलले नाही." दोन वर्षं ती अशी उठून आत जात होती, आणि मी बाजूला बसलेलो असायचो. फार लागलं मला ते. मी तिला म्हटलं आता तू सांग काय बघायचं. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, तो धोतरातला बंगाली गुप्तहेर यायचा दूरदर्शनवर, तो मिळतो का. ब्योमकेश! पर्वतीवाले, तुम्ही नाव घेतलं होतंत.

तर सोमवारपासून साडेनऊला तिची मालिका संपली की लगेच आम्ही तिघं बसतो, एक भाग, उजेड चांगला आहे, हिंदी आहे त्यामुळे खालचं वाचायचं नाही. 'सत्यान्वेषी'पासून सुरू केलं. तिला १९९३ साली बघितलेलं बरंचसं आठवतंय, गुन्हेगार कोण ते माहीत असतं, आणि ती अजिबात सांगत नाही, नुसती आमच्याकडे बघत राहते. मुलगी पण परवा पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि सोफ्याच्या हातावर टेकली ती भाग संपेपर्यंत. झोपायला सव्वाअकरा झाले, तेवढं चालवून घेतलं.

कॅलेंडरवर या पंधरवड्यात दोनच रात्री रिकाम्या आहेत, एकदा लाइट गेले होते आणि एकदा मला घरी यायलाच अकरा वाजले. 'दिल्ली क्राइम' अजून सुरू केलेली नाही. ब्योमकेश संपला की.

निवृत्त_शिक्षिका

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना एक वही आणून द्या, दोनशे पानी.